अंगठ्याची सुट्टी

"अंगठा मुडपून धार काढायची नाही. महिनाभर तर अजिबातच काढायची नाही."

"मग काढणार कोण? तुम्ही?"

"घरात नवरा आहे ना?"

शेजारची मावशी इतकी हसली, की नर्सबाईंना पट्टी पहिल्यापासून बांधावी लागली.

हे मावशीनंच सांगितलं. पुढचं सगळं मी ऐकलेलं, पाहिलेलं नाही. त्यांचा गोठा आणि आमचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत, तीही कानाला फार पातळ.

रोज पहाटे भिंतीतून बादलीतली धार यायची, आणि धारेबरोबर मावशीचं तोंड. "ऊठ म्हटलं तर उठेल का हा माणूस?" चर्र. "कुदळ कुठं ठेवली विचारलं, तर म्हणे तूच हरवलीस." चर्र. सगळ्या संसाराचं गाऱ्हाणं गाईच्या कानात. काका तेव्हा घोरत.

पण वर्षानुवर्षं मुडपलेल्या पेरानं गाईचे सड दाबून मावशीचा अंगठा बुंध्याशी सुजला. हातातला कप निसटायला लागला.

तर, काकांची पहिली सकाळ.

"मूठ आवळू का?"

"हळू. वरून खाली. अंगठा मुडपू नका, नाहीतर घरात दोन पट्ट्या."

"हलतेय ही!"

"तुम्ही घाबरताय, म्हणून."

धडाम्. आधी बादली, मग काका. आवाजावरून क्रम तोच असावा.

गाय पान्हाच सोडेना. सकाळ कोरडी गेली. संध्याकाळी कास दगडासारखी टणक.

"सरका," मावशी म्हणाली. "सोडते ही पट्टी. कास सुजली तर गाय हातची जाईल."

"हात लावायचा नाही!" काका ओरडले. काका, ज्यांचा आवाज जेवायला वाढ म्हणण्यापलीकडे आम्ही ऐकला नव्हता. मग हळूच, "काल तुला केस बांधता येईनात. बघितलं मी."



मग मावशी अशी भडकली! "काल बघितलं? इतकी वर्षं काय डोळे मिटले होते? कुदळ स्वतः शेताच्या पाटात विसरायची अन्‌ नाव माझं घ्यायचं..."

चर्र.

"...अन्‌ पाहुण्यांसमोर वर..."

चर्र. चर्र.

मावशी थांबली. धारही थांबली.

"अगं बोल! थांबू नको!"

"काय बोलू?"

"कुदळीचंच बोल!"

मग काय, काका पिळतायत आणि शिव्या खातायत, दोन्ही वेळ. मला आमची कढई हलवायचं भान राहीना.

मावशीच्या अंगठ्याची सूज उतरू लागली, पण घसा बसला. आता? तर दुसऱ्या पहाटे काका एकटेच गोठ्यात. मावशीचाच सूर, मावशीचेच हेल. "ऊठ म्हटलं तर उठतो का मी?" चर्र. "कुदळ मीच विसरलो पाटात." चर्र. गाय खूश.

महिना सरला. परवा मावशीनं आमच्याकडे चहा घेतला, कप त्याच हातात. नर्सबाई म्हणाल्या, आता थोडी थोडी काढ, मुठीनं. पण काका गाईजवळची जागा सोडायला तयार नाहीत.

आज पहाटे त्यांचं बोलणं संपलं असावं, कारण धार अडखळली. काकांनी आवाज अगदी खाली आणला. मी कान भिंतीला लावला.

"अन्‌ सांगू का... तिच्या माहेरची ती छत्री... तीही मीच हरवली."

चर्र.

घरातून मावशीचा बसलेला घसा खणखणीत उघडला.

"काय म्हणालात? छत्री?"

बादली काठोकाठ भरली.