एकशे सदतीस खुंट्या

सकाळी साडेआठला सुनेने कारखान्याचं दार उघडलं, दिवा लावला, संगणकाकडे पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. पडद्यावरची भिंत गायब होती. तिच्या जागी निळंशार आकाश होतं, कुणाच्या बापाने न मागितलेलं.

कारखाना म्हणायचा तो आपला म्हणायला. दोन खोल्या, एक शिलाई यंत्र, एक साचे कोरणारं यंत्र आणि चामड्याचा वास. इथे बाजारातले बूट ज्यांना ओळखत नाहीत त्या पायांचे बूट होतात. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वळलेली, कुणाची बोटं गेलेली. या धंद्याचं मूळ म्हणजे साचा. गिऱ्हाइकाच्या पायाबरहुकूम लाकूड कोरायचं आणि त्यावर चामडं ओढून बूट बेतायचा. साचा चुकला की बूट चुकला, आणि असल्या पायांना चुकलेला बूट परवडत नाही.

सासऱ्यांनी चाळीस वर्षांत एकशे सदतीस माणसांचे साचे हाताने कोरले आणि मागच्या भिंतीवर एकशे सदतीस खुंट्यांना टांगले. वही नाही, चिठ्ठी नाही. जो जिथे राहतो तिथे त्याची खुंटी. डोंगराकडचे सगळ्यांत वरच्या रांगेत, नदीकाठचे तळाला, बाजारपेठेतले मधोमध. गिऱ्हाइकाने घर बदललं की सासरे साचा काढून नव्या खुंटीला लावत. भिंत म्हणजे अख्खं गाव होतं, फक्त पायांचं.

दोन वर्षांपूर्वी त्या लाकडाला कीड लागली. सुनेनेच ती सगळ्यांना दाखवली. तिनेच सांगितलं की साचे जाळावे लागतील, नाहीतर कीड चामड्यात उतरेल. सासरे दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग भिंतीवरून उतरवून पोत्यात भरलेले साचे एकेक करून तिच्या हातात देऊ लागले, प्रत्येकाची खुंटी बोटाने दाखवत. तिने तीन दिवसांत सगळे स्कॅन केले आणि मग अंगणात ते जाळले. म्हाताऱ्या माणसाला निदान पाहायला तरी राहावं म्हणून तिने जाळण्याआधीच्या भिंतीचा फोटो संगणकाच्या पडद्यावर लावला होता. त्यावर प्रत्येक फाईल उचलून नेमकी तिच्या खुंटीवर ठेवली. इथपर्यंत सगळं शहाणपणाचं झालं. पण फायलींना नाव द्यायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. खुंटी होती ना.

आता खुंट्या नव्हत्या. फायली डावीकडून उजवीकडे कवायतीला उभ्या राहिल्या होत्या : पाय, पाय १, पाय २, पाय ३, थेट पाय १३६ पर्यंत. खाली एक ओळ झळकत होती, 'नव्या आवृत्तीत आपले स्वागत आहे.'

तिला लगेच कळलं की हे कर्म आपलंच. आठ महिने ते यंत्र नव्या ऑपरेटिंग सिस्टीमबद्दल विचारत होतं आणि आठ महिने ती 'नंतर आठवण करा' हे बटण दाबत होती. एक दिवस त्याने विचारायचं सोडून दिलं असणार.

एवढ्यात फोन वाजला. पलीकडे डोंगरवस्तीवरच्या सुईणबाई होत्या. या बाईंचा उजवा पाय दोन बोटं आखूड, आणि त्याच पायांनी त्या चार वस्त्या पालथ्या घालत.

"बुटाचा तळ निखळलाय," त्या म्हणाल्या. "सुतळीने बांधून चालतेय. या आठवड्यात दोघी अवघडलेल्या आहेत आणि त्यातली एक पार वरच्या वस्तीत. परवा सकाळच्या बसने नवा पाठवाल का?"

"पाठवते," सून म्हणाली. तोंडातून शब्द गेल्यावर तिने हिशेब केला. परवाच्या बसला बूट चढवायचा तर आज दुपारपर्यंत साचा कोरून हवा होता. आणि असले बूट काही फोनवर माप विचारून होत नाहीत.

तिने संगणकवाल्याला फोन लावला.

"घाबरू नका ताई," तो म्हणाला. "फायली कुठे जात नाहीत. नव्या आवृत्तीने त्या ओळीत लावल्यात, एवढंच. नावाने शोधा."

"नावं नाहीत."

"बिननावाची फाईल नसते."

"पाय एक, पाय दोन, पाय तीन. अशा एकशे छत्तीसपर्यंत. आणि एक नुसता पाय."

"मग कुठला पाय कुणाचा ते कसं ओळखायचात?"

"जो तो आपापल्या खुंटीवर होता."

"तारखेने बघा."

"सगळे तीन दिवसांत केलेत. पोत्यातून हाताला येतील तसे."

"मागचं चित्र देतो शोधून," तो हताशपणे म्हणाला. "पण कोण कुठे होतं ते यंत्र विसरलं. ते आता ब्रह्मदेव आला तरी सांगणार नाही."

ती जिन्यात येऊन उभी राहिली. खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याची कारकून बाई पायरी पुसत होती. तिने हकिगत ऐकली आणि सहानुभूतीने मान हलवली.

"आमच्याकडे मागच्या महिन्यात झालं," ती म्हणाली. "तेव्हापासून प्रिंटर रोज सकाळी एक कोरा कागद काढतो आणि मगच कामाला लागतो. शेजारचे ते नकाशेवाले हुशार. त्यांनी भीतीने इंटरनेटची वायरच उपटून ठेवलीय. तीन वर्षं झाली, नकाशे पेनड्राइव्हवर घालून गिऱ्हाइकाच्या घरी पोचवतात."

दुसऱ्याचं दुःख ऐकून आपलं हलकं होतं म्हणतात, पण तिचं तसूभरही झालं नाही. ती परत येऊन एकेक फाईल उघडू लागली. काळ्या पडद्यावर हिरव्या रेषांच्या जाळीचे पाय. पहिला पाय बघितला, दहावा बघितला, विसावा बघितला. तिला सगळे सारखेच दिसू लागले. सुईणबाईंचा उजवा पाय आखूड आहे खरा, पण तो मांडीच्या हाडात आखूड. पावलात ते कुठून दिसणार? मापाने जवळपास बसणारे अकरा पाय तिने बाजूला काढले. त्यातला एक निवडायचा म्हणजे चिठ्ठी टाकण्यातला प्रकार. आणि आधीच लंगडणाऱ्या बाईला डोंगर चढायला दुसऱ्याच्या पायाचा बूट देण्यापेक्षा सुतळी बरी.

एक माणूस कदाचित सांगू शकला असता, आणि नेमकं त्याच माणसाला तोंड दाखवायची तिची छाती होत नव्हती. सासरे रोज दहाच्या ठोक्याला वरून खाली येत, संगणकासमोरच्या स्टुलावर बसत, चहा संपेपर्यंत त्या भिंतीकडे बघत आणि मग कामाला लागत. दोन वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. त्या दोन वर्षांत भिंतीबद्दल एक शब्दही बोलले नव्हते. सुनेने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला होता. म्हातारा माणूस मनातून आपल्याला माफ करणार नाही, एवढंच. खरी भिंत तिने जाळली आणि आता चित्रातलीही घालवली.

दहा वाजले. सासरे आले नाहीत. तिला हायसं वाटलं. सव्वादहा झाले तेव्हा हायसं वाटल्याची लाज वाटली. साडेदहाला ती वर गेली.

सासरे खिडकीशी बसले होते. गळ्याला मफलर होता. बाहेर चांगलं ऊन पडलं होतं.

"जरा कणकण आहे," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "आज नाही येत खाली."

"बाबा, खाली यावं लागेल. घोटाळा झालाय."

"कसला घोटाळा?" त्यांनी फार पटकन विचारलं.

तिने सगळं सांगून टाकलं. आठ महिन्यांची टाळाटाळ, निळं आकाश, पाय एक ते एकशे छत्तीस, सुईणबाईंची सुतळी. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "रागवायचं असेल तर रागवा, पण संध्याकाळी. आत्ता माझ्याबरोबर चला."

सासरे रागवले नाहीत. त्यांनी मफलर सोडला, चपला घातल्या आणि तिच्या पुढे जिना उतरले. कणकण कुठल्या कुठे गेली.

स्टुलावर बसल्यावर त्यांनी त्या निळ्या आकाशाकडे बघणं टाळलं. तिने पहिली फाईल उघडली. एरवी ते या हिरव्या जाळीला नाक मुरडत. लाकूड हातात घ्यावं तर कळतं, हे म्हणजे कोळ्याचं जाळं, असं म्हणत. आज त्यांनी चष्मा पुसला.

"फिरव जरा. खालून दाखव. टाच दाखव." ते पुढे वाकले. "हा टपालवाला. पिशवी आयुष्यभर डाव्या खांद्याला, म्हणून डावी टाच अशी बाहेरून दबलीय. लिही."

तिने लिहिलं. 'पाय' हे नाव खोडून 'टपालवाला'.

"पुढचा. हे घड्याळजीचे. बसून बसून तळवे बघ कसे मऊ राहिलेत. पुढचा. ही शाळेतल्या शिपायाची बायको, हिला मी पहिल्या वेळी बूट घट्ट केला होता आणि तिने मला भर बाजारात ऐकवलं होतं. पुढचा."

सुनेची बोटं चालत होती आणि पाठीवरचं ओझं उतरत होतं. बारावा पाय, विसावा, चाळिसावा. कुठे ते थबकत, डोळे मिटत, हाताने हवेत लाकूड चाचपल्यासारखं करत आणि मग नाव सांगत. एका पायाशी मात्र ते बराच वेळ अडले.

"हा येत नाही," ते म्हणाले. "सोड. नंतर बघू." दोन पायांनंतर एकदम म्हणाले, "मागे जा. वाद्यं दुरुस्त करणारा. त्याने दाढी काढल्यासारखं वाटलं, म्हणून ओळखला नाही."

"बाबा, पायाला दाढी कुठली?"

"तेच तर," सासरे म्हणाले आणि सकाळपासून पहिल्यांदा हसले.

एकसष्टावी फाईल उघडली आणि त्यांनी फिरव म्हणायच्याही आधी बोट टेकवलं. "ह्या बघ आपल्या बाई. उजवी करंगळी शेजारच्या बोटावर चढलीय. आखूड पायावर तोल सांभाळायला बोटं जमीन धरतात गं. यांच्या आईचा चवडा असाच होता, पण तिचा पाय धड, म्हणून करंगळी सरळ होती."

"नक्की?"

"त्या बाईंनी माझ्या नातवाला या जगात आणलंय. त्यांचा पाय चुकेन मी?"

सुनेचा जीव भांड्यात पडला. तिने फाईल कोरणाऱ्या यंत्राकडे पाठवली, लाकडाचा ठोकळा अडकवला आणि कळ दाबली. यंत्र घरघरलं. भुसा उडू लागला. घड्याळात पावणेबारा झाले होते. ती तिथेच जमिनीवर बसली आणि तिला उगाचच रडू आलं.

सासरे स्टुलावरून उठले नव्हते.

"सूनबाई," ते म्हणाले, "मला एक सांगायचंय. ते बटण मी दाबलं."

"कुठलं बटण?"

"सकाळी सातला आलो होतो खाली. झोप लागत नव्हती म्हणून. तर भिंतीच्या मधोमध एक चौकोन आला. बाजारपेठेतले सगळे झाकले गेले. मी म्हटलं, बाजूला हो. तो होईना. दोन बटणं होती त्यात, मी मोठं दाबलं. मग पडदा काळा झाला आणि 'बंद करू नका' असं लिहून आलं. मी कशाला बंद करतोय? मी वर पळालो."

"आणि मफलर?" तिने विचारलं.

"कणकण आहे म्हटल्यावर मफलर नको?"

तिला हसू आवरेना. डोळे पुसता पुसता ती हसत होती. "मला मगाशीच सांगायचं ना. मी एवढी माझी चूक, माझी चूक करत होते."

"तेच तर सांगता येईना." सासऱ्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "साचे जाळले त्या दिवशी तू जिन्यात बसून रडलीस. मी वरून बघत होतो. त्या वेळीही सांगायला हवं होतं. लाकडाला कीड लागलीय हे मला तुझ्या वर्षभर आधी दिसलं होतं. रोज भुसा पडायचा, मी रोज पहाटे झाडून टाकायचो. जाळायचा धीर माझ्यात नव्हता. तू ते केलंस आणि दोष तुझ्या डोक्यावर राहिला, मी मूग गिळून गप्प बसलो. दोन वर्षं चहा पीत त्या चित्रासमोर बसतो ते भिंत बघायला नाही. आज सांगू, आज सांगू म्हणून बसतो."

यंत्राने एक पाऊल संपवलं आणि दुसऱ्याला सुरुवात केली. दोन वर्षं तिने रोज दहा वाजता श्वास रोखून धरला होता, आणि तो कशासाठी, तर या माणसाला बोलता येत नव्हतं म्हणून.

"भिंत परत लावायची का?" तिने शेवटी विचारलं. "चित्र सापडेल म्हणालाय तो."

"लाव," सासरे म्हणाले. "पण नावंही राहू देत. मी काय जन्माला पुरणार आहे? अजून शहात्तर राहिलेत. चहा टाक आणि ये."

ती उठली. तेवढ्यात निळ्या आकाशाच्या मधोमध एक चौकोन उगवला. 'बदल पूर्ण करण्यासाठी संगणक पुन्हा सुरू करायचा का?' खाली दोन बटणं, एक मोठं, एक लहान.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सासऱ्यांनी आपले दोन्ही हात उचलून काखेत धरले.

"मी नाही बाई," ते म्हणाले. "तू बघ."

तिने लहान बटण दाबलं आणि चहा टाकायला गेली.