सुट्टीतलं काम

माझ्या बाबांना सुट्टी पचत नाही. असं आई म्हणते, आणि आई सहसा कुणाबद्दल वावगं बोलत नाही. बाबा सुतार. कुणाकडे जेवायला गेले तरी आधी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवणार आणि मग ताटाकडे बघणार. अशा माणसाला वर्षातून सहा दिवस डोंगरावर नेऊन नुसतं बसवायचं म्हणजे काही खायचं काम नाही. माझ्या आईनं ते वर्षानुवर्षं करून दाखवलं.

अठरा वर्षांपूर्वी, पहिल्याच सुट्टीत, बाबांनी दुसऱ्या दिवशी बॅग भरली होती. डोंगर बघून झाला, म्हणाले. तेवढ्यात त्या भाड्याच्या दोन खोल्यांतल्या कपाटाचं दार निखळून त्यांच्या पायावर पडलं. बाबांची कळी अशी खुलली की विचारू नका. दार बसवलं, बाकीची दारं तपासली, आणि उरलेले चार दिवस व्हरांड्यात पाय पसरून, दरीकडे बघत त्यांनी इतका चहा ढोसला की मालकीणबाईंना दुधाची किटली मोठी आणावी लागली.

आईनं त्यातून घ्यायचं ते घेतलं. पुढच्या वर्षापासून बसमधून उतरलं की ती म्हणायची, "तुम्ही सामान बघा, मी जरा घर बघून येते." दहा मिनिटांत बाहेर यायची, आणि संध्याकाळपर्यंत घरातलं काही ना काही खिळखिळं निघायचं. मी बारा वर्षांची असताना तिच्या मागोमाग आत गेले, तर आई स्टुलावर उभी, हातात कपडे बेतायची मोठी कात्री आणि तिचं टोक बिजागरीच्या स्क्रूत. आई शिलाईकाम करते. त्या कात्रीनं कुणी कागद जरी कापला तरी ती दोन दिवस बोलत नाही. तिनं ओठांवर बोट ठेवलं. मी आजवर कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

यंदा थंडीत बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यातून वाचले, बोलणं शाबूत राहिलं, पण उजव्या हातातली पकड गेली. दुकान बंद झालं आणि बाबा घरात भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसायला लागले. डॉक्टर म्हणाले, डावा हात कामाला लावा. बाबांनी एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्या कानानं सोडून दिलं. सुट्टीला निघताना त्यांनी हत्यारांची पिशवी घेतली नाही; ती मी गुपचूप माझ्या बॅगेत स्वेटरखाली कोंबली. बसमध्ये म्हणाले, "हे शेवटचं. मालकीणबाईंना सांगून टाकू, पुढच्या वर्षी खोल्या दुसऱ्या कुणाला द्या." आई खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं, हा माणूस डोंगरावरून हाताला काम लावूनच खाली उतरला पाहिजे, नाहीतर त्या खुर्चीतून पुन्हा उठायचा नाही.

पोचल्यावर आई नेहमीसारखी घर बघून आली. मग पाणी प्यायच्या निमित्तानं मी आत गेले आणि चमच्याच्या दांड्यानं खिडकीच्या कडीचा स्क्रू ढिला केला. बाबा आजारी आहेत, एकाला दोन कामं असलेली बरी, एवढाच माझा विचार. आईला विचारायचं मला सुचलं नाही.

बाबा आत आले. टोपी अडकवली, तर खुंट्यांची फळी टोपीसकट खाली आली. खिडकी उघडायला गेले, तर कडी हातात आली. निदान बसावं म्हणून खुर्चीला टेकले, तर तिचा एक पाय निसटला. आईनं माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. कडी माझी, खुर्ची तिची. मग फळी कुणाची? दारात मालकीणबाई किटली घेऊन उभ्या होत्या.

"अगंबाई, बाकीचंपण?" असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली.

बाबांनी मला पडलेले स्क्रू गोळा करायला लावले. डाव्या तळहातावर घेऊन त्यांनी ते उजेडात एकेक करून बघितले.

"फळीला सुरी लावलीय. भाजीची." मालकीणबाई किटलीत काय आहे ते बघायला लागल्या. "कडीला चमचा. हे आमच्या कन्यारत्नाचं. सुताराच्या घरात वाढली आणि चमचा वापरते." तिसऱ्या स्क्रूपाशी ते थांबले. "आणि ही कात्री. ही तर मी डोळे मिटून ओळखेन. अठरा वर्षं हिच्यामागून फिरतोय. या घरात असा स्क्रू नाही, ज्याच्या खाचेत हिचं टोक फिरलेलं नाही."

आईचा आवाज बारीक झाला. "तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस." मग जरा हळू आवाजात म्हणाले, "तुला आत दहा मिनिटं लागायची. तोवर मी बाहेर बॅगांचे पट्टे सोडायचो आणि परत बांधायचो. सुट्टीतलं माझं पहिलं काम ते."

दर वर्षी बॅगेवर वाकलेले बाबा माझ्या डोळ्यांसमोर आले, आणि "किती वेळ तो एक पट्टा!" म्हणून त्यांच्यावर करवादणारी मी. इतकी वर्षं मी त्यांना चेंगट समजत होते. असे आईबाप आपल्या वाट्याला आले याचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला, आणि रडूही आलं.

"बघत काय बसलीस?" बाबा म्हणाले. "पिशवी काढ. स्वेटरखाली ना? सगळ्या वाटेनं खडखडत होती."

तीन स्क्रूंना अडीच दिवस लागले. डाव्या हातातला स्क्रू ड्रायव्हर घसरायचा, बाबा त्याला ठेवणीतल्या शिव्या द्यायचे आणि पुन्हा लावायचे. कापडाला टाचणी लावताना धरते तसा आई दोन बोटांत स्क्रू सरळ धरून बसायची. तिचं बोट दोनदा सोलवटलं. मी मदतीला पुढे झाले की दोघंही एकाच वेळी माझ्यावर डोळे वटारायची. तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा त्या खुर्चीत बसले, एकदा मागे रेलून बघितलं आणि चहा मागितला.

निघायच्या दिवशी आम्ही सामान बाहेर काढलं. बसला अजून वेळ होता. बाबा म्हणाले, "तुम्ही सामान बघा, मी जरा घर बघून येतो."

आईनं बॅगेचा पट्टा सोडला आणि बांधला. परत सोडला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी उठायला लागले, तर आईनं हाताला धरून मला खाली बसवलं.

बाबा घामाघूम होऊन बाहेर आले. मालकीणबाईंना म्हणाले, "खुंट्यांच्या फळीचा एक स्क्रू सैल आहे. जड कोट अडकवू नका. पुढच्या वर्षी येऊन बघतो."

आईनं पट्टा शेवटचा आवळला. "चला," ती म्हणाली, "बस येईल."