शालिकरामजींची लाडकी दुनळी

या मित्रांनो, असे लांब काय उभे राहता? माझ्या पोटात काडतूस नाही. असतं तर तुम्हाला इतक्या गोडीनं जवळ बोलावलंच नसतं. मी एक जुनी दुनळी बंदूक आहे, बारा बोरची. सध्या मुक्काम पोलीस ठाण्याच्या मालखान्यात. एका बाजूला जप्त केलेल्या दारूचे कॅन, दुसऱ्या बाजूला चोरीची सायकल. माझ्यासारख्या खानदानी बंदुकीच्या नशिबी ही कसली संगत आली, ते सांगते.

कारखान्यात माझ्या पोलादी नळ्या घडल्या, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसला आणि अमरावतीच्या एका दुकानात काचेमागे मी उभी राहिले. तिथं शालिकरामजींनी मला पाहिलं. वरूडजवळच्या खेड्यात त्यांची संत्र्याची बाग होती, थोडी तूर, थोडा हरभरा. रानडुकरं पिकाची नासधूस करतात म्हणून त्यांनी पीकसंरक्षणाचा परवाना काढला होता. त्याच उन्हाळ्यात त्यांचं लग्न झालं. म्हणजे तानुबाई आणि मी एकाच वर्षी त्या घरात आलो. मला सागवानी कपाट मिळालं, तिला चूल.

काय माझे लाड होते, मित्रांनो! दर रविवारी शालिकरामजी अंगणात सतरंजी टाकून मला उघडत, नळ्यांतून तेलाची चिंधी ओढत, दस्ता पुसत. एकदा मऊ कापड मिळेना, तर त्यांनी तानुबाईच्या पेटीतलं माहेरचं सुती पातळ काढलं आणि टरकन फाडलं. तिच्या आईनं दिलेलं शेवटचं पातळ होतं ते. "अवं, रडतं काय? बंदुकीले खरबड फडकं चालत नाही," एवढंच ते म्हणाले. कापड फार छान होतं, खोटं कशाला बोलू? दसऱ्याला पहिलं कुंकू मला लागे. पाहुणा आला की चहाआधी मी बाहेर येई. अलीकडे मोबाइल आला तर त्यावरही ते जगभरच्या बंदुका बघत बसायचे आणि शेवटी मान हलवून म्हणायचे, "आपलीच भारी."

आणि रानडुकरं? ती बापडी दरवर्षी यायची, हरभरा उकरून जायची. शालिकरामजी मला खांद्यावर घेऊन शेताच्या बांधावर, धुऱ्यावर उभे राहत, नेम धरत आणि परत येत. बार उडाला की नळी काळी पडते, ते त्यांना सोसत नसे. डुकरांनाही हे कळलं असावं. ती माझ्या देखत निवांत चरत.

आता एक गंमत ऐका. परवाना होता जिल्ह्यापुरता. जिल्ह्याबाहेर मला नेता येत नव्हतं आणि रिकाम्या घरी एकटीला सोडायला मालकांचा जीव धजत नव्हता. त्यामुळे ते घर कुठं म्हणून जात नसे. मात्र निवडणूक लागली की आचारसंहिता येई आणि गावोगावच्या बंदुका ठाण्यात जमा होत. मग मात्र शालिकरामजींना घर खायला उठे. तेव्हाच ते बायको-लेकीला घेऊन निघत. लोकसभेला ओंकारेश्वर झालं, विधानसभेला माहूर. प्रचाराचा ऑटो भोंगा वाजवत गावात शिरला की त्यांची दामिनी लहानपणी दप्तर टाकून कपडे भरायला घ्यायची. त्या दिवसांचा मला किती राग होता! मी इथं अंधारात धूळ खात पडायचे आणि त्या दोघी तिकडं नर्मदेत पाय सोडून बसायच्या.

"इलेक्शनची वाट काहून पाहता जी?" तानुबाईनं एकदा विचारलं. "तशीच नेऊन ठेवा ना ठाण्यात आठ दिवस. ठेवून घेतात म्हने."

"आपलं लेकरू कोनी सोताच्या हातानं अनाथालयात ठेवतं का?" शालिकरामजी म्हणाले. दामिनी तिथंच अभ्यास करत बसली होती. ती बापाकडे बघत राहिली, मग तिनं पुन्हा पुस्तकात मान घातली.

पुढे दामिनी सुरतेला दिली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि मुलगा झाला, शिवम. बारशाला अंगण माणसांनी भरलं. शालिकरामजींना हर्षवायूच व्हायचा बाकी होता. "नातवाले सलामी!" म्हणत त्यांनी मला कपाटातून काढलं, मांडवाबाहेर येऊन आभाळाकडे धरलं आणि धडाम्! इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा उडाले. काय सुख होतं ते! बायका किंचाळल्या, गाय दावं तोडून पळाली. मग वर गेलेले छर्रे खाली आले. छपराच्या टिनांवर टणटण वाजले आणि एक पाळण्यात पडला, बाळाच्या गालाजवळ.

दामिनीनं तो छर्रा उचलून बापाच्या तळहातावर ठेवला. "बाबा, हे ज्या घरात हाय त्या घराचा उंबरठा मी ओलांडनार नाही," ती म्हणाली आणि संध्याकाळच्या गाडीनं बाळाला घेऊन गेली. शालिकरामजींनी छर्रा खिशात टाकला आणि माझी काळी झालेली नळी साफ करायला बसले.

तानुबाईला नातू पाहायचा होता. बस्स, एवढंच. लेक येणार नाही माझ्यामुळं, आणि ही जाणार नाही, तेही माझ्यामुळं. एकटीनं जाते म्हणाली तर उत्तर तयार होतं, "मी इथं, बंदूक इथं, आन् तू तिकडं? भाकर कोन थापन?" तिच्या हाती उरली फक्त निवडणूक. आणि नेमकी तीच लागेना! लोकसभा-विधानसभा बारशाआधीच होऊन गेल्या होत्या, ग्रामपंचायत बिनविरोध झाली, जिल्हा परिषद लांबतच राहिली. भाजी घ्यायला गेली तरी ती विचारायची, "का गा, इलेक्शन कवा लागन?" लोकांना वाटे, म्हातारीला उभं राहायचंय. रोज दुपारी ती नातवासाठी झबली शिवायची. मी कपाटातून बघायचे आणि मला हसू यायचं, कारण ते पोर तोवर शाळेत जाऊ लागलं होतं.

शेवटी तारीख लागली. प्रचाराचा ऑटो आला. तानुबाईनं पिशवी भरली, संत्र्याची बर्फी डब्यात घातली, सुरतेला फोन करून सांगितलं, "येतो वं माय मी." आणि शालिकरामजी त्याच दिवशी अमरावतीला जाऊन कलेक्टरसाहेबांकडे अर्ज देऊन आले की रानडुकरांचा फार त्रास आहे, बंदूक जमा करण्यातून सूट मिळावी. ती मिळालीही! पेढे घेऊनच घरी आले. "घे, तोंड गोड कर," ते म्हणाले, "या खेपेले आपली बंदूक घरीच रायते."

तानुबाईनं पेढा खाल्ला. दुसऱ्या दिवशी मालक बागेत गेल्यावर तिनं कपाट उघडलं, मला गोधडीत गुंडाळलं आणि काखेत मारून, भरलेली पिशवी घेऊन ऑटोत बसली. उभ्या आयुष्यात तिनं मला पहिल्यांदा हात लावला. पकड जबर होती.

ठाण्यात गजेंद्र नावाचा हवालदार होता. त्याच्या टेबलावर तिनं मला आडवी ठेवली. "जमा करून घ्या, भाऊ. मले सुरतले जायचं हाय, नातू पाहाले."

"काकू, परवाना तुमच्या मालकाच्या नावानं हाय ना? मग तुमी काहून आनली? गुन्हा होते हा!"

तेवढ्यात शालिकरामजी धापा टाकत आले. आत बसलेले ठाणेदारसाहेब बाहेर आले आणि सरळ विचारू लागले, "बंदूक तुम्ही हिच्या हाती दिली की हिनं तुमच्या नकळत आणली? दिली असेल तर परवाना रद्द होईल, सांगून ठेवतो."

शालिकरामजींनी तानुबाईकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "मी नाही देली साहेब. चोरली तिनं."

मी जिंकले, मित्रांनो! चाळीसेक वर्षांच्या संसारासमोर मी जिंकले! बर्फीचा डबा पिशवीत नीट आहे का तेवढं तानुबाईनं चाचपून पाहिलं आणि बाकावर जाऊन बसली. तिच्यावर गुन्हा दाखल झाला. जामीन द्यायला दामिनी आली, मुलाला घेऊन. घराचा उंबरठा तिनं नाहीच ओलांडला, ठाण्याचा ओलांडला. शिवम आजीजवळ जाऊन उभा राहिला. तिनं त्याच्या हातावर बर्फीची वडी ठेवली आणि मग पदर तोंडाला लावून जी रडली, की गजेंद्र उठून बाहेर गेला. ठाण्यातूनच ती लेकीबरोबर सुरतेला गेली.

आणि मी? मी घरी जायला निघाले, तर गजेंद्रनं माझ्या घोड्याला चिठ्ठी बांधली आणि लाखेचं सील ठोकलं. चोरीचा माल म्हणजे पुरावा. खटला निकाली निघेपर्यंत मी इथंच.

शालिकरामजी दर रविवारी येतात. सदरा चुरगळलेला, बोटं तव्यानं भाजलेली. सोबत तेलाची बाटली आणि त्या पातळाची उरलेली चिंधी आणतात. "मुद्देमालाले हात लावता येत नाही, काका," गजेंद्र म्हणतो. मग ते गजांतून माझ्या नळीवरचा गंज बघत उभे राहतात.

मागच्या रविवारी गजेंद्रनंच त्यांना सुचवलं, "काकूले घरी बोलवा, आपसात मिटवा. बंदूकही सुटन." त्यांनी तिथूनच फोन लावला. आवाज मोठा होता, मलाही ऐकू आला. मागं शिवम कशावर तरी खळखळून हसत होता.

"घरी ये ना वं," शालिकरामजी म्हणाले. "ते गंजून राहिली."

"येतो ना," तानुबाई म्हणाली. "इलेक्शन लागली की येतो." आणि फोन ठेवला.

मित्रांनो, अशा आत्मकथेच्या शेवटी जुन्या वस्तूची निगा राखा असं सांगायची रीत आहे. मला तेलाचा एक थेंब हवा आहे, दुसरं काही नको. एवढं मात्र कोणीतरी सांगा, तुमच्याकडे निवडणूक कधी लागते हो?