फरदड

हॅना व्हिटलॉकवर मी सात वर्षं घालवली. एकोणिसाव्या शतकातली अमेरिकेची नावाजलेली कवयित्री. जन्म गुलामीत, जॉर्जियातल्या कापसाच्या मळ्यावर. तिचं पहिलं पुस्तक मालकाच्या मेव्हण्यानं स्वतःच्या नावावर छापलं. मी लिहिलेलं ते प्रकरण वाचून भालचंद्र सर फोनवर भडकले होते. "चोर साला!" म्हणाले. मला किती बरं वाटलं होतं! कॉलेजात त्यांनीच शिकवलेलं, म्हणून अख्खं चरित्र तपासायला त्यांच्याकडे दिलं. "दोघांच्या नावानं काढू," हे तेच आपणहून म्हणाले होते.

प्रकाशन जालन्यात होतं. पिंपळगाव रेणुकाईहून आईला घेऊन गेले. ठेवणीतलं लुगडं नेसून आमची आई, सगुणाबाई, पहिल्या रांगेत. पुस्तक हातात पडलं, तर मुखपृष्ठावर सरांचं एकट्याचं नाव. आत आभारांत एक ओळ : 'सुवाच्य प्रत करून देणारी विद्यार्थिनी साधना.' सुवाच्य! डोक्यात तिडीक गेली.

सर माइकवर पुस्तकातलं माझंच वाक्य वाचू लागले, "म्हातारपणच्या या कविता म्हणजे हॅनाची फरदड."

कुणीतरी विचारलं, "सर, फरदड म्हणजे?"

सरांनी शेत पाहिलेलं ते एसटीच्या खिडकीतून. जरा अडखळले. "अमेरिकेतली कापसाची एक हलकी जात."

"अमेरिकेतली कुठली?" आई जागेवरूनच ओरडली. "वेचणी झाल्यावर पऱ्हाटी उपटायची न्हाई, पाणी द्यायचं. मंग जो कापूस येतो ती फरदड. म्याच सांगितलं हिला!"

सभागृह हसलं. आता सर सापडले, असं मला वाटलं. पण सर पक्के. हात जोडून म्हणाले, "या माउलींना मंचावर आणा." आपल्या खांद्यावरची शाल आईच्या खांद्यावर घातली. टाळ्या पडल्या. आई एवढी खुलली, की माझं तोंडच उघडलं नाही. सरांचा राग आलाच, पण त्याहून जास्त माझा मला आला. भाषणं चालू असतानाच मी आईला बाहेर काढलं.

कोपऱ्यावर गावाकडं जाणारी जीप भरत होती, तीत बसलो. आईनं पुस्तक मांडीवर घेतलं. "साधे, तुहं नाव कुठं हाय, दाखव."

मी तिचं बोट धरून 'भालचंद्र'वर ठेवलं. "हे बघ."

ती अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. साक्षरतेच्या वर्गात तिनं दोनच नावं गिरवली होती, तिचं आणि माझं.

"हे तर चार हायेत," ती म्हणाली. "तुह्या नावात तीनच."

मला रडू फुटलं. मग सगळं सांगितलं.

आईनं शाल काढली, नीट घडी घातली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "थांब रे दादा, हे वापस देऊन येतो." खाली उतरून तिनं माझा हात ओढला.

"जल्दी उतर. माइक चालू हाय अजून."