सासऱ्यांच्या स्पीकरची वायर

लग्न होऊन सून या घरात आली त्याला जेमतेम चार महिने झाले होते. तेवढ्या दिवसांत सासऱ्यांनी तिला एकच गोष्ट बजावली होती, हॉलमधल्या दोन स्पीकरच्या वाटेला जायचं नाही. आणि झालं नेमकं तेच. सासूबाईंनी पुस्तकांचं कपाट वीतभर सरकवायला सांगितलं, तिने जोर लावला आणि कपाटाचा पाय डाव्या स्पीकरच्या वायरवर बसला. वायर मधोमध चिरडली.

सासरे फिरून आले, वायर पाहिली आणि खाली बसून चिरडलेली जागा चाचपत राहिले. ओरडले असते तर परवडलं असतं, असं तिला झालं. छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस. एक ऱ्हस्व-दीर्घ चुकला तरी भुवया कपाळात जायच्या. आज त्या जागच्या हलल्या नाहीत.

"अहो, मीच सांगितलं तिला," सासूबाई म्हणाल्या. "काय बोलायचं ते मला बोला."

"तुला बोलून आजवर काय फरक पडलाय?" सासरे म्हणाले आणि सुनेकडे वळले. "उद्या सुट्टी आहे ना तुला? चल, दोन्ही वायरी नव्याच आणू."

दुकानदाराच्या जिभेवर साखर होती. त्याने काउंटरवर दोन प्रकार ठेवले. एक साधी, रिळावर गुंडाळलेली, पारदर्शक सालीतून जाड तांबं दिसणारी. दुसरी निळी, वेणीसारखी विणलेली, मखमलीच्या डबीत पहुडलेली.

"साहेब, हिनं आवाजावरचा पडदाच उठतो बघा."

सासऱ्यांनी निळी वायर हातावर घेतली आणि नव्या सोनसाखळीसारखी तोलून पाहिली. सून शेजारी चुळबुळत उभी. ती लिफ्ट दुरुस्त करणारी मेकॅनिक. तिचा अख्खा दिवस वायरींत जायचा. तोंड उघडावं तर आगाऊपणा, मिटून घ्यावं तर पोट दुखणार.

"बोल बोल," सासरे तिच्याकडे न बघताच म्हणाले. "मघापासून ओठ चावते आहेस."

"बाबा, आपल्या हॉलमध्ये तीन-चार मीटरला साधं चांगलं तांबं पुरतं. जाडी बेताची हवी, टोकं घट्ट बसायला हवीत. बाकीचा नुसता दागिना."

"ताई, गाण्याचा कान वेगळा असतो," दुकानदार हसत म्हणाला.

"कान बाबांचा आहेच की. मी वायरीबद्दल बोलतेय."

सासऱ्यांनी निळी वायर डबीत ठेवली. पण ठेवताना एकदा कुरवाळलीच. "साधीच द्या. माणसांनी भरलेल्या लिफ्ट ही वर-खाली करते. हिचं ऐकलेलं बरं."

घरी आल्यावर सून कपाटामागे वाकून बसली. सासरे चहा घ्यायला आत गेले. दोन्ही जुन्या वायरींच्या एकेका पदरावर बारीक लाल रेघ होती. उजव्या स्पीकरला तो पदर दोन्ही टोकांना लाल खुणेच्या खाचेत बसवलेला, बरोबर. डावीकडे मात्र अॅम्प्लिफायरला लाल खुणेत आणि स्पीकरला काळ्या. म्हणजे उलटा! उजवा स्पीकर हवा पुढे ढकलायचा तेव्हा डावा मागे ओढायचा, आणि सगळा खर्ज दोघांच्या भांडणात जिरून जायचा. जोडणी कुणाची, हे विचारायला नको होतं. अकरा वर्षांपूर्वी मी स्वतःच्या हाताने केली, हे सासरे आल्या-गेल्याला सांगत.

तिने नव्या वायरी सुलट जोडल्या आणि तोंड मिटून घेतलं.

सासऱ्यांनी आवडीची रेकॉर्ड लावली. गायकाचा खालचा सूर असा भरून आला, की सासूबाई ओल्या हातांनी बाहेर आल्या. "कोण आलंय?"

"अगं, कोणी नाही! हा खर्ज! इतकी वर्षं हा होता कुठे?" सासऱ्यांचे डोळे चमकत होते. त्यांनी ताबडतोब मित्राला फोन लावला. हे घड्याळवाले, घड्याळं दुरुस्त करायचे आणि उरलेला वेळ गाणी ऐकायचे. "अरे, आजच्या आज वायरी बदल! साध्या वायरीनं ही करामत, तर दुकानात एक निळी आहे, मखमलीच्या डबीतली. तू तीच घे!"

आता मात्र सुनेला राहवेना. "बाबा, फोन ठेवू नका." तिने जुन्या वायरी त्यांच्यापुढे धरल्या आणि सगळं सांगून टाकलं.

सासऱ्यांनी चष्मा चढवला. मुद्रित तपासावं तशी लाल रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटाने वाचली.

"अकरा वर्षं," ते म्हणाले. "किती जणांना मी इथे बसवून ऐकवलं!"

"आणि सगळे माना डोलवायचे!" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांना हसू आवरेना.

सासऱ्यांच्या ओठांचे कोपरे हलले, मग पोट हलायला लागलं. "दुसऱ्यांच्या चुका काढण्यात जन्म गेला, आणि माझी चूक माझ्याच कानाखाली वाजत होती!" डोळे पुसत त्यांनी सुनेला विचारलं, "सांगणार नव्हतीस ना?"

"नव्हते. तुम्ही एवढे खूश झाला होतात."

"वेडी आहेस. चूक दिसली की सांगायची. माझी तर आधी." मग फोनमध्ये म्हणाले, "ऐकलंस ना? काही घेऊ नकोस. उद्या संध्याकाळी सुनेला घेऊन येतो, आधी तुझी जोडणी तपासू."

घड्याळवाल्यांची जोडणी अगदी बरोबर निघाली. परत येताना सासरे हिरमुसले होते.

"एखादी तरी चूक सापडायला हवी होती गं."

"एक टोक सैल होतं, बाबा. मी घट्ट केलं."

"सैल होतं? आणि हे आत्ता सांगतेस?" भर रस्त्यात थांबून सासऱ्यांनी खिशातून फोन काढला.