अक्काचा ओटा

“हाई जाळी कोनी लाई?”

डोक्यावरची वांग्यांची पाटी तशीच धरून धुरपदाबाईनं विचारलं. मंगळवारचा बाजार नुकता भरू लागला होता. ज्या ओट्यावर ती तीस वर्षं भाजी घेऊन बसली, त्याला चारी बाजूंनी लोखंडी जाळी, वर पत्र्याचा कळस, आणि आत जाळीला लागून शेंदरानं माखलेलं काहीतरी. तिनं डोळे बारीक करून पाहिलं. तो तिचाच धोंडा होता.

मागच्या कापडदुकानातून सुरेशचंद लगबगीनं बाहेर आला. हा कासारपेठेचा नगरसेवक.

“या, या, अक्का! पाय बरा झाला? धुळ्याला लेकीकडं होतात ना?”

“पाय बरा शे, भाऊ. आते माले बसू दे.”

“तिथं आता कसं बसता येईल? देवस्थान आहे ते.”

“कोनं देवस्थान?”

सुरेशचंदनं घसा साफ केला. “अक्कादेवीचं.”

धुरपदाबाईला गावातलं शेंबडं पोरसुद्धा अक्का म्हणायचं. शेर जाऊन किलो आले तेव्हा बाजार बावचळला होता, आणि त्या गोंधळात व्यापाऱ्यांनी हात धुऊन घेतले होते. तेव्हा तिच्या नवऱ्यानं, झुलालनं, बोरी नदीतून एक काळा धोंडा आणला आणि सरकारी मापाशी ताडत, घासत घासत बरोबर पाच किलोचा केला. तेव्हापासून कुणाच्या मापाचा संशय आला की गिऱ्हाईक म्हणे, “चाल, अक्काना ओटावर.” धोंडा पारड्यात पडला की खऱ्याखोट्याचा निकाल लागे. झुलाल गेल्यावर ती दर बाजारी, पहिलं गिऱ्हाईक येण्याआधी, त्या धोंड्याला हळदकुंकू लावायची. नवऱ्याची आठवण म्हणून, दुसरं काही नाही.

मागच्या पावसाळ्यात ती पाय मोडून लेकीकडं, मंदाकडं, धुळ्याला गेली आणि इकडं नगरपालिकेची शताब्दी आली. गावाचा इतिहास छापायचा ठरला. त्यासाठी एक विद्वान आणले. त्यांनी इंग्रजांनी बांधलेला घड्याळाचा मनोरा पाहिला. घड्याळ बंदच, त्यामुळं तिथं फार वेळ गेला नाही. वेस पाहिली, नदीचा घाट पाहिला, आणि बाजारात रिकाम्या ओट्याशी थांबून ‘हे काय?’ म्हणून विचारलं. कुणीतरी सांगितलं, “अक्काचा ओटा. इथं खोटं चालत नाही.” धोंड्यावर कुंकू दिसतच होतं. पुस्तिकेत छापून आलं, ‘अक्कादेवीचे प्राचीन व जागृत स्थान’.

प्राचीन! हा ओटा बांधला तेव्हा सुरेशचंद स्वतः अर्ध्या चड्डीत उभा राहून बघत होता. त्याची आई लाडकुंवर मरेपर्यंत अक्काकडचीच वांगी घेत होती. पण दुकानासमोर सडक्या वांग्यांपेक्षा देवी बरी. गावानंही माना डोलावल्या. गावाला फुकटात इतिहास मिळत असेल तर नाट कोण लावतो? टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. कासारपेठेत नुसत्या छपाईनं येतं.

“मी जित्ती शे ना रे, भाऊ,” धुरपदाबाई म्हणाली. “मी देवी कधी व्हयनी?”

“तुम्ही नाही हो. ती वेगळी. फार जुनी.”

तिनं जाळीच्या दाराला हात लावला तसा तो आडवा आला. “दारावरची पाटी बघा ना अक्का. बरं, मीच वाचतो. ‘स्त्रियांनी ओट्यावर चढू नये.’”

याच ओट्यावर पदराआड तिनं मंदाला पाजलं होतं. ती त्या पाटीकडं बघत राहिली.

“देवी बाईच शे ना? मंग ती कशी चढनी?”

“म्हातारपणी असं बोलू नये,” सुरेशचंद म्हणाला. “खाली बसा, देवीसमोर. वांगी सोडा आता, नारळ-फुलं विका. ती जागा दुसऱ्या कुणाला देणार नाही, शब्द आहे माझा.”

“मना समोर मीच नारय इकू?”

तो हसला. तिला हसू आलं नाही. तिचं डोकं रागानं भणभणत होतं, पण भांडायचं कुणाशी? ती खाली मातीत गोणपाट टाकून बसली. लोक यायचे, चपला काढायचे, तिच्या डोक्यावरून ओट्याला हात जोडायचे. ओळखीच्या बायासुद्धा आधी देवीला नमस्कार करत आणि मग घाईत, “बरी शे ना, अक्का?” म्हणून पुढं जात.

उन्हं चढली तेव्हा कांदेवाल्या रतिलालशी एका बाईचं वाजलं. कांदे कमी भरले म्हणून ती तणतणत होती. “चल अक्काच्या ओट्यावर!” ती ओरडली.

धुरपदाबाईचा चेहरा उजळला. पायाचं दुखणं विसरून ती उठली. रतिलाल तराजू हातात उंच धरूनच आला. मालाच्या पारड्याच्या बुडाला चिकटवलेला चिंचेचा गोळा तिला खालून स्वच्छ दिसला. रतिलालनं चपला काढल्या, डोळे मिटले. “माय, तुनी आन. मनं माप खरं शे.”

बाईचं समाधान झालं. तिनंही हात जोडले.

“आन काय घेस रे? धोंडा पारडामा ठेव!” धुरपदाबाई ओरडली. “पारडाले खाले चिंच शे!”

“देवीला पारड्यात?” ती बाई दचकली. तिनं कानाच्या पाळ्यांना हात लावले. “पाप लागेल, आजी.” आणि जाता जाता म्हातारीच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवून गेली. “घ्या, अक्कादेवीचा प्रसाद.”

बाजार उठू लागला तेव्हा वना हमाल तिची पाटी उचलून द्यायला आला. धुरपदाबाई जाळीतून हात घालून नखानं धोंडा खरवडत होती. शेंदराचा थर बोटभर जाड झाला होता. काळा दगड काही लागेना.

“काय करस, अक्का? कोनी दखी ली तं?”

“वना, आते हाऊ पारडामा ठेवा तरी काय उपेग नही,” ती म्हणाली. “शेंदूरनं वजन चढनं. पाच किलोना ऱ्हायना नही.”

नखातला शेंदूर तिनं पदराला पुसला. डोक्यावर चुंबळ ठेवली आणि पाटीखाली मान दिली. वांगी सकाळी आणली तेवढीच होती.