बसून घेतलेलं माप

मंडळी, चाळिशी उलटली की माणसाला दोन आजार होतात. एक डोळ्यांचा, आणि दुसरा ‘आता हे सगळं सोडून काहीतरी नवीन करतो’ हा. पहिल्यावर चष्मा मिळतो. दुसऱ्यावर औषध काय, हे कुणी नीट सांगत नाही. आमच्या टेलरमास्तरांना हे दोन्ही एकाच वर्षी झाले.

मास्तरांचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. एक मशीन, एक बेतायचं टेबल, एक आरसा आणि भिंतीला टांगलेली मापवही. बावीस वर्षं त्यांनी शर्ट-पँटी शिवल्या. पुढे कोपऱ्यावर तयार कपड्यांचं तीन मजली दुकान आलं आणि मास्तरांची गिऱ्हाइकं हळूहळू तिकडे वळली. जी उरली ती पँटची उंची कमी करून घ्यायला येत. आणि ती पँटही त्या कोपऱ्यावरच्या दुकानातली! मास्तर निमूटपणे खाली दुमड घालून देत आणि घरी आले की धुसफुसत.

“संपलं आपलं,” एका सकाळी चहा पिता पिता ते बायकोला म्हणाले. “शिवणकामाला आता कुत्रं विचारत नाही. मोबाईल दुरुस्तीच्या क्लासला नाव घातलंय. मशीन रविवारी एक जण घेऊन जाणार आहे.”

“अहो, आणि ही बावीस वर्षं?”

“पाण्यात गेली असं समज.”

बायकोने त्यांचा अर्धा भरलेला कप उचलला आणि जरा जोरातच धुवायला टाकला. लग्न झालेल्या वाचकांना त्या आवाजाचा अर्थ सांगायला नको.

क्लासमधले विद्यार्थी मास्तरांच्या निम्म्या वयाचे होते, आणि शिकवणारे सरही फार तर तिशीचे. पहिल्या दिवशी सरांनी प्रत्येकाला एक बंद पडलेला फोन उघडायला दिला. मास्तरांनी बारीक बारीक स्क्रू काढले आणि बावीस वर्षांच्या सवयीने टाचण्या धराव्यात तसे ओठांत धरले. सर घाबरून ओरडले, “काका, गिळाल ना!” सगळा वर्ग हसला. मास्तरही हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं.

त्याच आठवड्यात त्यांच्या ताईचा फोन आला. “शनिवारी संध्याकाळी ह्यांचा डेपोत सत्कार आहे. एक चांगली पँट शिवून देशील?”

‘हे’ म्हणजे मास्तरांचे भाऊजी. एकोणीस वर्षं त्यांनी बस चालवली होती. तीन वर्षांपूर्वी पाठीच्या कण्याचं दुखणं निघालं, शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, पण पाय गेले. तेव्हापासून ते चाकांच्या खुर्चीत होते. तरी स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हते. घरी बसून त्यांनी डेपोच्या सगळ्या गाड्यांचं नवं वेळापत्रक करून दिलं होतं, आणि सत्कार त्याचाच होता.

ही आपल्या हातची शेवटची पँट, असं मनाशी म्हणत मास्तरांनी उत्तम राखाडी कापड काढलं. भाऊजींचं माप मापवहीत होतंच. त्याच मापाने त्यांनी कापड बेतलं, आणि अशी शिवली की इस्त्रीच्या घडीवर बोट कापावं. शुक्रवारी संध्याकाळी पिशवी घेऊन ते ताईकडे गेले.

ताईने आतल्या खोलीत भाऊजींना पँट घातली आणि खुर्ची बाहेर आणली. मास्तर बघतच राहिले. पँट पुढून पोटावर गोळा झाली होती. मागून ती इतकी उतरली होती की शर्ट वर सरकून पाठीचा चांगला वीतभर भाग उघडा पडला होता. खाली पाय नडगीपर्यंत दिसत होते.

“थांबा, कमरेत जरा घेतो,” मास्तर पुटपुटले.

“कमरेत काही नको घेऊस,” भाऊजी म्हणाले. “पँट झकास आहे रे. फक्त ती उभ्या माणसाची आहे.” मग ताईकडे वळून ते हलक्या आवाजात म्हणाले, “असं कर, उद्या त्यांना कळव की माझं डोकं दुखतंय. सत्काराचं जे काय असेल ते घरी पाठवा म्हणावं.”

ताई स्वयंपाकघरात निघून गेली. मास्तर मागोमाग गेले, तर ती ओट्याला टेकून डोळे पुसत होती.

“डोकंबिकं काही दुखत नाही रे त्यांचं,” ती म्हणाली. “तीन वर्षांत किती बोलावणी आली, दर वेळी हेच. बाहेर गेलं की पाठ उघडी पडते. लोक बघतात आणि मग न पाहिल्यासारखं करतात. ते त्यांना सोसत नाही. दुकानातल्या कितीतरी पँटी आणून पाहिल्या, सगळ्यांची तीच तऱ्हा.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तू कधी विचारलंस?”

सख्ख्या बहिणीचा नवरा तीन वर्षं कपड्यापायी घरात कोंडून बसला होता, आणि मास्तरांनी त्याला आजही पाय शाबूत असतानाच्या मापाची पँट शिवून आणली होती! कुठल्या टेलरने इतकी मोठी चूक केली असेल?

बाहेर येऊन ते भाऊजींसमोर बसले. “मला काहीच येत नाही, भाऊजी. बरं झालं धंदा सोडतोय ते. रविवारी मशीन जातंय.”

ही बातमी भाऊजींना नवी होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. टाचण्यांसारख्या धरलेल्या स्क्रूंचं ऐकून पोटभर हसलेसुद्धा. मग म्हणाले, “माझे पाय गेले तेव्हा मला काय काय सल्ले मिळाले, आठवतंय? कुणी म्हणालं पाकिटं चिकटवा, कुणी म्हणालं पेन विका. जणू मी कालच जन्माला आलोय! अरे, कुठल्या चौकात किती वाजता गर्दी होते, कुठल्या थांब्यावर म्हातारी माणसं चढायला वेळ घेतात, हे सगळं माझ्या डोक्यात होतं. ते शस्त्रक्रियेत थोडंच गेलं? मी फक्त कॉम्प्युटरवर तक्ता कसा मांडतात तेवढं शिकलो. त्याला तीन महिने लागले. रस्ते शिकायला एकोणीस वर्षं लागली होती.”

“तुमचं वेगळं. माझं गिऱ्हाईकच राहिलं नाही.”

“कुठलं राहिलं नाही? ज्याला तयार कपडा बसतो, ते गेलं. जाऊ दे की! ज्याला तो बसत नाही, त्याचं काय? ते कुठे जातं, माहीत आहे? कुठेच जात नाही. घरात बसतं, माझ्यासारखं. रस्ता खणून ठेवला म्हणून ड्रायव्हर गाडी भंगारात काढत नाही रे. दुसऱ्या रस्त्याने नेतो. गाडी तीच, हात तेच.”

मास्तर मान खाली घालून ऐकत होते. त्यांची नजर भाऊजींच्या गुडघ्यावर होती. गुडघा वाकला की कापड कुठे खेचतं, कमरेचा पट्टा मागून का घसरतो, हे ते त्या क्षणी टेलरच्या डोळ्याने पाहत होते. आणि एकदम ते उठले.

“भाऊजी, हलू नका! बसूनच राहा!”

बावीस वर्षं ज्याने येणाऱ्या प्रत्येकाला ‘सरळ उभे राहा’ म्हणून सांगितलं, तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदा टेप घेऊन जमिनीवर गुडघे टेकून बसला. मागची उंची जास्त हवी, पुढची कमी. पायाची लांबी गुडघा वाकवूनच घ्यायची. ते विचारत गेले आणि भाऊजी सांगत गेले.

“मागचे खिसे?”

“काढून टाक. दिवसभर त्यांच्यावर बसून कातडी लाल होते. आणि तिथली ती जाड शिवणही टोचते.”

“हे आधी का नाही बोललात?”

“टेलरला शिवण कशी घालायची ते शिकवू होय मी?”

शनिवारी सकाळी सातला मास्तरांनी दुकान उघडलं. क्लासच्या सरांना फोन करून सांगितलं, आज जमणार नाही. शिवलेली पँट उसवली, उरलेल्या कापडातून मागचा भाग नव्याने बेतला, बैठकीखालची शिवण हलवून बाजूला नेली. बायको डबा घेऊन आली तेव्हा ते मशीनवर वाकलेले होते. आणि गुणगुणत होते! तिने डबा ठेवला आणि आवाज न करता परत गेली.

संध्याकाळी भाऊजी डेपोत गेले. कार्यक्रम संपला, खुर्च्या उचलायला लागले, तरी ते जुन्या दोस्तांच्या घोळक्यातून निघेनात. ताई चारदा म्हणाली, “चला आता.” चारही वेळा उत्तर मिळालं, “थांब गं, आत्ता तर गप्पा रंगल्यात.” एरवी ती रागावली असती. त्या दिवशी ती बाजूला एका खुर्चीत बसून राहिली आणि नुसती बघत होती.

रविवारी मशीन न्यायला माणूस आला. मास्तरांनी त्याची माफी मागितली, त्याला चहा पाजला आणि त्याच्या शर्टाची उसवलेली बगलही शिवून दिली.

एवढ्यावर सगळं आबादीआबाद झालं असं मी सांगितलं, तर तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नका. मोबाईलचा क्लास सुटला, तरी मास्तरांना पुन्हा शिकावं लागलंच. ते आठवड्यातून दोन दिवस रुग्णालयात जाऊ लागले. तिथे व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या परवानगीने कोपऱ्यातल्या स्टुलावर बसत आणि पाहत, की हात वर न होणारा माणूस शर्ट कसा चढवतो. पहिले तीन शर्ट साफ फसले. चौथा बरा झाला. बटणांच्या मागे छोटी लोहचुंबकं शिवायची कल्पना त्यांनी काढली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं, ज्यांच्या छातीत हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र बसवलंय त्यांना हा शर्ट चालणार नाही, आधी विचारत जा. मास्तर आता विचारायला चुकत नाहीत. दुकानात आरशासमोर एक खुर्चीही आली.

आणि एका सकाळी त्या खुर्चीत एक निवृत्त परिचारिका येऊन बसल्या. आयुष्यभर ज्या हातांनी हजारो सुया अचूक टोचल्या, ते हात आता सारखे कापत होते. मास्तरांनी त्यांच्यासाठी शिवलेला शर्ट त्यांच्या अंगावर चढवला आणि म्हणाले, “लावून बघा, आजी.”

आजींनी दोन्ही कडा जवळ आणल्या. टक! एक बटण लागलं. मग दुसरं. पाचही लागली. त्यांनी ती सगळी काढली आणि पुन्हा लावली. तिसऱ्यांदाही लावली. मग आरशात स्वतःकडे पाहत म्हणाल्या, “शेजारीण बिचारी रोज सकाळी येते माझी बटणं लावायला. तिला सांगते, उद्यापासून नुसती चहाला ये.”

मास्तर पाठ फिरवून कात्री शोधायला लागले. कात्री त्यांच्या हातातच होती.

मंडळी, नवीन शिकू नका असं मी मुळीच म्हणत नाही. शिका, मरेपर्यंत शिका! पण वर्षानुवर्षं खपून जे हातात आलंय ते फेकून देऊन शिकायला बसू नका. त्याच्यावरच पुढचा टाका घाला. आणि ‘माझं काम आता कुणाला नको’ असं म्हणण्याआधी, ते ज्यांच्यापर्यंत अजून पोहोचलेलंच नाही, त्यांच्या दारात जाऊन एकदा विचारून या.